सर्व्हर पाडण्याचा कार्यक्रम

सर्व्हर पाडायचा मुहूर्त दौलतरावांनी सोमवारी सकाळचा काढला. इतर ठिकाणी सर्व्हर पडू नये म्हणून माणसं देव पाण्यात घालून बसतात. महाळुंग्याच्या या कारखान्यात मात्र तो पाडण्यासाठी गेटपासून कँटीनपर्यंत पताका लागल्या, पाहुण्यांसाठी फेटे आले, आणि जेवणात गुलाबजाम ठेवायचे की श्रीखंड यावर मोठ्या माणसांची बैठक झाली. सर्व्हर नक्की कसा पाडायचा, यावर बैठक झाली नाही. ते शिरसाट बघून घेतील, असं परस्पर ठरलं.

बुद्धरत्न शिरसाट हे कारखान्याचे सिस्टिम्स मॅनेजर. व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर असलं तरी मॅनेज करायला त्यांच्या हाताखाली कोणी नव्हतं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्यापासून ते मालकांच्या नातवाचा पासवर्ड शोधण्यापर्यंत सगळं त्यांच्याच वाट्याला यायचं. फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "सर, चालत नाहीये." काय चालत नाहीये, ते सांगायची पद्धत नव्हती. सगळं सुरळीत चालू असताना मात्र आजवर एकाही माणसाने फोन करून "सर, चालतंय बरं का" असं कळवलं नव्हतं, आणि या गोष्टीचं शिरसाटांना मनापासून वाईट वाटायचं.

कारखान्यात गाडीच्या पोटाखाली सायलेन्सर लटकावून धरणारे ब्रॅकेट बनत. गिऱ्हाईक एकच, चाकणची एक मोठी गाड्यांची कंपनी. तिला सगळे नुसतंच 'मोठी कंपनी' म्हणत. मागच्या महिन्यात सर्व्हर बसला. गेटपास निघेना, माल पाठवायचं चलन निघेना, माल भरलेला ट्रक आतल्या आत उभा. तिकडे मोठ्या कंपनीची लाइन ब्रॅकेटवाचून थांबायची वेळ आली. शेवटी फोन आला की, पुन्हा असं झालं तर काम भोसरीच्या दुसऱ्या कारखान्याला देऊ. दौलतराव जुन्या महाळुंगेकर घराण्यातले, जमीन कारखान्यांना गेल्यावर स्वतःच कारखानदार झालेले. उभ्या आयुष्यात ते कुणाला घाबरले नव्हते, पण त्या फोननंतर दोन वेळा चहा ढवळून तसाच ठेवून गेले.

"शिरसाट," ते म्हणाले, "ह्यो एक पडला की दुसरा उभा ऱ्हाईल, असं काय न्हाई का?"

"आहे ना, सर," शिरसाट म्हणाले. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते नोकरीला लागल्यापासून थांबले होते.

मग त्यांनी खरोखरच छान काम केलं. एक सर्व्हर महाळुंग्यात होताच, कँटीनमागे, पूर्वी पोती ठेवायच्या खोलीत. दुसरा त्यांनी आकुर्डीच्या जुन्या ऑफिसात बसवला. दोघांच्या पुढे एक लोड बॅलन्सर ठेवला. त्याचं काम साधं. दर थोड्या वेळाने महाळुंग्याला विचारायचं, आहेस का? तो 'आहे' म्हणाला की गेट, कँटीन, माल पाठवणारे, सगळ्यांची कामं त्याच्याकडे लावून द्यायची. उत्तर आलं नाही की सगळी वरात आकुर्डीकडे वळवायची. महाळुंग्यात जे लिहिलं जाई त्याची नक्कल लगोलग आकुर्डीलाही होत होती, त्यामुळे वळवलेल्या माणसाला आपण वळवले गेलो हे कळायचंही कारण नव्हतं. याला फेलओव्हर म्हणतात, आणि पडलेला सर्व्हर उठल्यावर कामं परत त्याच्याकडे आणणं म्हणजे फेलबॅक, असं शिरसाटांनी समजावून सांगितलं. दौलतरावांनी "म्हंजी पाडायचं आन् उभं करायचं" असा मराठी तर्जुमा केला आणि तोच कारखान्यात रूढ झाला.

एक गोष्ट राहिली होती. महाळुंग्याची नक्कल आकुर्डीला होत होती, पण आकुर्डीची नक्कल उलटी महाळुंग्याला होण्याची सोय अजून झालेली नव्हती. ती शिरसाटांनी पुढच्या आठवड्यावर टाकली होती. पाडून तर आधी दाखवू, परत आणायचं ते नंतर सावकाश, असा त्यांचा विचार. विचार बरोबर होता. फक्त तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता.

पिंपळे सौदागरच्या त्यांच्या सोसायटीत ही बातमी आदल्या रविवारीच पसरली. शिरसाट नको नको म्हणत सगळ्यांना ती स्वतःच सांगत होते. समोरच्या फ्लॅटमधले किसनराव जनरेटरच्या कंपनीतून निवृत्त झालेले. वीज ज्यातून जाते त्या प्रत्येक गोष्टीवर आपला हक्क आहे, अशी त्यांची भावना होती.

"अर्थिंग दिलंय ना व्यवस्थित?" त्यांनी विचारलं.

"दिलंय."

"खड्ड्यात मीठ-कोळसा घातलाय?"

"किसनराव, लोड बॅलन्सरला मीठ-कोळसा लागत नाही."

"असं तुम्हाला वाटतं," किसनराव म्हणाले, आणि एखाद्या हट्टी पेशंटकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघत आत गेले.

बायकोचं म्हणणं वेगळंच. स्वप्नाली शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे मुळालाच हात घालायची तिला सवय. "चारचौघांना बोलावून बंद कशाला पाडायचं? चालू असलेलं दाखवा की," ती म्हणाली. चालू असलेल्या गोष्टीकडे या देशात कोणी बघत नाही, हे शिरसाटांनी तिला सांगितलं. मग सोमवारी सकाळी त्यांनी तिनेच इस्त्री केलेला शर्ट घातला आणि तो इस्त्री केलेला आहे याची दखल न घेता बाहेर पडले.

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची विजयश्री भेटली. हिंजवडीच्या एका कंपनीत ती हेच काम करायची, फक्त शिरसाटांपेक्षा फार मोठ्या प्रमाणावर. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"सर, पाडताना काही होत नाही," ती म्हणाली. "जे होतं ते परत आणताना होतं. परत आणणं आपोआप ठेवू नका. लोड बॅलन्सर 'आहेस का' एवढंच विचारतो, 'शुद्धीवर आहेस का' ते विचारत नाही."

सल्ला लाखमोलाचा होता. पण तो आपल्या मुलीएवढ्या वयाच्या मुलीने, लिफ्टमध्ये, कानातला इअरफोन अर्धाच काढून दिलेला होता. शिरसाट "हो, ते बघितलंय मी" म्हणाले आणि तळमजला येईपर्यंत मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिले.

कारखान्यात मोठ्या कंपनीचे साहेब वेळेवर आले. हा एक अत्यंत कमी बोलणारा माणूस. त्यांनी फेटा बांधून घ्यायला नकार दिला, खुर्चीवर बसले आणि समोरच्या बशीतले फक्त काजू वेचून खायला लागले. कार्यक्रमाच्या उद्घाटक होत्या कुसुमताई, दौलतरावांच्या थोरल्या बहीण. खेड तालुक्यातल्या आपल्या गावच्या त्या माजी सरपंच. आजवर त्यांनी पिठाच्या गिरणीपासून दवाखान्यापर्यंत सगळ्याच्या फिती कापल्या होत्या. पण त्यांची गाडी चाकणच्या चौकात अडकली. चौकातून फोन आला की गाडी हलत नाहीये. थोड्या वेळाने पुन्हा फोन आला, की गाडी हलली होती, पण आता परत हलत नाहीये.

काजू संपले. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"आक्का काय येत न्हाई आता," दौलतराव म्हणाले, उठले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने महाळुंग्याच्या सर्व्हरची वायर ओढली.

पंखे मंदावत थांबले. सगळे शिरसाटांकडे बघायला लागले. शिरसाट स्क्रीनकडे बघत होते. लोड बॅलन्सरने विचारलं, उत्तर आलं नाही, आणि सगळी कामं गुमान आकुर्डीला गेली. डिस्पॅचच्या नेहाने चलन काढलं, ब्रॅकेटचा ट्रक गेटबाहेर पडला, गेटवरच्या नवनाथने त्याची नोंद केली. कुणाचाही फोन आला नाही.

"झालं," शिरसाट म्हणाले.

"काय झालं?" दौलतरावांनी विचारलं.

"काहीच झालं नाही, सर. तेच झालं."

पाहुण्यांमध्ये चुळबुळ झाली. दौलतरावांच्या एका चुलतभावाने, आपल्याला नीट दिसलं नाही, परत एकदा दाखवा, असं सुचवलं. साहेब "ओके" म्हणाले. आयुष्यातलं सगळ्यात मोठं यश असं उकडलेल्या बटाट्यासारखं दिसेल याची शिरसाटांनी कल्पना केली नव्हती. निदान एखादा दिवा तरी लाल व्हायला हवा होता.

एवढ्यात कुसुमताई पोचल्या. गेटवर नवनाथने त्यांचा फोटो काढला, पास दिला, आणि त्या तरातरा खोलीत आल्या. ओढून ठेवलेली वायर त्यांनी बघितली.

"झालं व्हय?" त्या म्हणाल्या.

"आक्का, साहेबांना घाई होती," दौलतराव म्हणाले.

"असू दे की. आमी काय, बोलावलं म्हणून आलो." आणि ज्या बाई अशा वेळी "असू दे" म्हणतात त्या कुठल्याही परिस्थितीत असू देत नाहीत, हे तिथल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं. कुसुमताई पदर खोचून म्हणाल्या, "तसंबी पाडायचं काम आमच्या हातनं नको व्हतं. पाडलं तुमी. उभं आमी करतो."

"ताई, ते सावकाश करावं लागतं," शिरसाट म्हणाले. "एक-दोन दिवसांनी..."

"आमी येईस्तवर थांबला न्हाईत. आता उभं करायला थांबायचं?"

दौलतरावांनी शिरसाटांकडे बघितलं. त्या नजरेत मालकाची आज्ञा कमी आणि धाकट्या भावाची विनवणी जास्त होती. साहेबही मान वळवून बघत होते. आणि शिरसाटांच्या मनात आलं, की या वेळी काहीतरी दिसेल. पंखे गरजतील, हिरवे दिवे लागतील. विजयश्री आठवली, पण ती इअरफोनसकट आठवली, म्हणून त्यांनी तिला बाजूला सारलं. उलट्या नकलेची सोय नसताना पडलेला सर्व्हर उठवू नये, हे ज्ञान त्यांना त्या क्षणी पुरेपूर होतं. ते ज्ञान आणि तो क्षण यांची गाठ पडली नाही, एवढंच.

कुसुमताईंनी सर्व्हरच्या कपाटावर हळदकुंकू वाहिलं. शिरसाटांनी हवेच्या जाळीवर तळहात धरून ते आत जाऊ दिलं नाही. मग त्यांनी वायर परत जोडली आणि ताईंनी बटण दाबलं. पंखे घोंगावले, दिवे लुकलुकले, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बुद्धरत्न शिरसाटांच्या नोकरीत त्यांच्यासाठी वाजलेल्या या पहिल्याच टाळ्या. ते जेवायला गेले तेव्हा जमिनीपासून थोडे वरूनच चालत होते.

लोड बॅलन्सरने महाळुंग्याला विचारलं, आहेस का? महाळुंगे म्हणाला, आहे. ते खोटं नव्हतं. फक्त तो वायर ओढली त्या सकाळच्या क्षणात होता. त्यानंतर जे घडलं ते सगळं आकुर्डीत लिहिलेलं होतं आणि महाळुंग्याला त्यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. शिवाय ज्यांचं काम आकुर्डीशी आधीच जोडलेलं होतं त्यांना लोड बॅलन्सरने तिथेच राहू दिलं, आणि जे नव्याने आले त्यांना महाळुंग्याकडे धाडलं. परिणामी अर्धा कारखाना दुपारी होता आणि अर्धा अजून सकाळीच.

ही गोष्ट सर्वांत आधी कँटीनने ओळखली. तिथे जेवणासाठी अंगठा लावावा लागे आणि एका माणसाला एकच ताट मिळे. कुणीतरी सहज म्हणून जेवल्यावर शेजारच्या, नुकत्याच चालू केलेल्या यंत्रावर पुन्हा अंगठा लावला, आणि त्या यंत्राने त्याचं प्रेमाने स्वागत केलं. पत्रा दाबून ब्रॅकेट काढणाऱ्या प्रेस शॉपच्या मंडळींना साध्या सूचना फळ्यावर लिहूनही महिनोन्‌महिने कळत नसत. पण ही तांत्रिक त्रुटी त्यांना काही मिनिटांत, कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय, पूर्णपणे समजली. गुलाबजामच्या पातेल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा कँटीनवाल्याने शिरसाटांना फोन केला. "सर, चालतंय," तो म्हणाला, "पण जरा जास्तच चालतंय."

शिरसाट ताट तसंच सोडून उठले.

तोवर माल भरणाऱ्यांनी आपला कॉम्प्युटर जेवणानंतर नव्याने चालू केला होता. तो गेला महाळुंग्याला. महाळुंग्याच्या मते ब्रॅकेट अजून पाठवायचे होते. त्यांनी दुसरा ट्रक लावला, तेवढेच ब्रॅकेट पुन्हा भरले, आणि त्याच नंबरचं चलन पुन्हा काढलं. ट्रक गेटकडे निघाला. पण तो गेटपर्यंत पोचू शकला नाही, कारण पुढे मोठ्या कंपनीच्या साहेबांची गाडी उभी होती, आणि साहेबांच्या पुढे कुसुमताईंची, आणि कुसुमताईंच्या पुढे आडवा बांबू, आणि बांबूच्या बाजूला नवनाथ.

नवनाथ मूळचा बीडकडचा. गेटवरचा कॉम्प्युटर तापतो अशी त्याची समजूत होती, म्हणून जेवायला जाताना तो बंद करायचा आणि आल्यावर चालू करायचा. अर्थात तोही महाळुंग्याला जाऊन पोचला होता.

शिरसाट धापा टाकत पोचले तेव्हा दौलतराव त्याला समजावत होते.

"आरं, ह्या माझ्या बहीण हायेत."

"हौ की साहेब. म्या कुठं न्हाई म्हणलं," नवनाथ म्हणाला. "पर कॉम्प्युटरमधी त्यांची एंट्री न्हाई. ज्या बाई आत आल्याच न्हाईत त्यांना भाईर कसं सोडू?"

"मी मालक हाय ना?"

"तुमची एंट्री हाय, साहेब. तुम्हाला सोडतो."

"तूच सकाळी त्यांचा फोटो काढला की रं."

"काढला की. पर तो आता दिसंना. मागच्या टायमाला तुम्हीच म्हणले व्हते, कॉम्प्युटर म्हणंल तसं करायचं, तोंडाकडं बघून काम करायचं न्हाई. तवापास्नं म्या तोंडाकडं बघतच न्हाई."

बांबूच्या पलीकडे आणखी एक प्रकरण उभं होतं. सकाळचा ट्रक ब्रॅकेट पोचवून रिकामा परत आला होता आणि आत यायला हॉर्न देत होता. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून सांगत होता की तो इथलाच आहे. नवनाथचा कॉम्प्युटर सांगत होता की ही गाडी भरलेल्या अवस्थेत आतच उभी आहे. तेव्हा एकाच नंबरच्या दोन गाड्या हा सरळ पोलीस केसचा मामला असल्याचं नवनाथचं मत पडलं, आणि त्याने खबरदारी म्हणून बांबूला कुलूप लावलं. रिकाम्या ट्रकमागे महाळुंग्याच्या रस्त्यावर कंटेनर, कंपन्यांच्या बस, टेम्पो अशी रांग लागत चालली.

साहेब गाडीतून उतरले. बांबूकडे, कुसुमताईंकडे, मागच्या भरलेल्या ट्रककडे आणि पुढच्या रिकाम्या ट्रककडे त्यांनी क्रमाने बघितलं. त्यांचा फोन वाजला. पलीकडून त्यांच्याच कंपनीचा माणूस विचारत होता, की सकाळच्या चलनाच्याच नंबरचा दुसरा माल येतोय असा मेसेज का आलाय.

दौलतराव शिरसाटांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "नेट गेलं म्हणा. नेट काय, कुणाचंबी जातं."

पळवाट सुंदर होती. चाकणच्या पट्ट्यात नेट गेलं म्हटल्यावर कोणी शंका घेत नाही. शिरसाटांचं तोंड ते वाक्य बोलण्यासाठी उघडलंही होतं. पण साहेब फोन ठेवून त्यांच्याकडेच बघत होते, आणि शिरसाटांच्या ध्यानात आलं, की नेट गेलं म्हटलं तर आपण उभारलेली ही सगळी व्यवस्था नेट जाताच कोसळते, असा त्याचा अर्थ होईल. खोटं बोलूनही नोकरी जाणार असेल तर मग खरं बोलून जाऊ दे, असं त्यांना वाटलं.

"सर, नेट ठीक आहे," ते म्हणाले. "माझं चुकलं. पडलेला सर्व्हर मी घाईने परत आणला. सकाळनंतरचं सगळं आकुर्डीत आहे. ह्याला ते माहीत नाही. आणि माहीत नसताना तो काम करतोय."

"मग आता?" साहेबांनी विचारलं. एवढं मोठं वाक्य ते सकाळपासून पहिल्यांदाच बोलले.

"आता हा परत पाडायला लागेल."

सगळ्यांच्या नजरा कुसुमताईंकडे गेल्या. शिरसाट गाडीच्या खिडकीपाशी गेले. टाळ्यांचे आवाज अजून त्यांच्या कानात होते, त्यामुळे ते जे बोलले ते त्यांना जड गेलं. "ताई, तुम्ही उभा केलेला सर्व्हर मला पाडावा लागणार आहे. सगळ्यांसमोर. दोष तुमचा नाही. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

दौलतरावांनी बांबूला टेकून डोळे मिटले.

"पित्ताशयाचं आपरेशन झालं तवा," कुसुमताई म्हणाल्या, "माझं काम उपसरपंच बघत व्हता. मी दवाखान्यातनं आले ती थेट खुर्चीत बसले. कुणालाच काय इचारलं न्हाई. म्हणलं, खुर्ची माझी हाय. आन् समोर आला तो रस्त्याचा कागद सही करून टाकला. त्यानं आदल्याच दिवशी दुसऱ्या आळीच्या रस्त्यावर सही केली व्हती. दोन्ही आळ्यांत अर्धा अर्धा रस्ता झाला. अजून लोक अर्ध्यापर्यंत येत्यात आन् माझं नाव घेत्यात. पाड बाबा. लवकर पाड."

शिरसाट नवनाथच्या खुर्चीत बसले. लोड बॅलन्सरला त्यांनी सांगितलं, की महाळुंगे कितीही 'आहे, आहे' म्हणाला तरी त्याचं ऐकायचं नाही, सगळं आकुर्डीला. मग गेटचा कॉम्प्युटर पुन्हा जोडला. नवनाथ त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"आल्या," तो म्हणाला. "ताई आत आल्या. आन् ट्रक भाईर गेला. आता बरोबर हाय." त्याने कुलूप काढलं, बांबू वर केला आणि कुसुमताईंना कडक सलाम ठोकला. त्याच्या दृष्टीने त्या आत्ताच पोचल्या होत्या आणि लगेच निघाल्या होत्या.

दुसरा ट्रक रिकामा करायला परत पाठवला. त्याचं चलन रद्द झालं. मधल्या वेळात महाळुंग्यात जे लिहिलं गेलं होतं ते शिरसाट आणि नेहा शेजारी शेजारी बसून आकुर्डीशी ताडून बघायला लागले. साहेब निघायच्या ऐवजी त्यांच्या मागे उभे राहिले होते.

"काय काय गेलं?" त्यांनी विचारलं.

शिरसाटांनी स्क्रीन वरपासून खालपर्यंत बघितला. "गुलाबजाम, सर," ते म्हणाले. "बाकी सगळं आहे."

साहेब हसले. अगदी थोडं, आणि लगेच आवरलं, पण दौलतरावांनी ते बघितलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. "पाडलेलं सकाळी चाललं," साहेब म्हणाले. "माल वेळेवर पोचला. परत कधी आणणार?"

"आकुर्डीतलं सगळं इकडे पोचवून, दोन्ही जुळवून, सुट्टीच्या दिवशी. आणि हाताने. आपोआप नाही."

"ओके," साहेब म्हणाले. हा सकाळचाच 'ओके' होता, पण या वेळी त्यांनी जाताना शिरसाटांचा हात हातात घेतला.

त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये विजयश्री भेटली. तिने काही विचारायच्या आत शिरसाटांनी सगळं सांगून टाकलं, अगदी हळदकुंकवासकट. तिने या वेळी दोन्ही इअरफोन काढले. "आमच्याकडे असंच झालं होतं," ती म्हणाली, "तेव्हा आमच्या मॅनेजरने नेट गेलं म्हणून सांगितलं. अजून शोधताहेत ते कुठे गेलं." गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते. त्या दिवशी तीही महाळुंग्याला आली. दोघांनी उलटी नक्कल लावली, सगळं जुळेपर्यंत वाट पाहिली, आणि मग महाळुंग्याला त्याची जागा परत दिली. किसनरावही सोबत आले होते. त्यांनी बाहेर अर्थिंगचा खड्डा शोधून काढला आणि त्यात एक बादली पाणी ओतल्याशिवाय ते गाडीत बसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात शिरसाटांना एक फोन आला.

"बुद्धरत्न, मी कुसुमताई बोलते. आमच्या गावच्या पाण्याच्या इहिरीवर दोन मोटारी हायेत. एक बंद पडली की सगळं गाव कोरडं. दुसरी आपोआप चालू झाली पायजे, असं कायतरी कर."

शिरसाटांचा ऊर भरून आला. पण आता ते पूर्वीचे शिरसाट राहिले नव्हते. "करता येईल, ताई," ते गंभीरपणे म्हणाले. "पण एक गोष्ट आधी ठरवावी लागेल. पहिली मोटार दुरुस्त होऊन परत आली, की तिला कधी चालू करायचं. ते जर आपोआप ठेवलं, तर कधीतरी दोन्ही एकदम चालू होतील."

"मग?"

"मग दोन्ही चालू, ताई."

"म्हंजी पाणी जास्त येईल."

शिरसाटांनी नक्कल, ताळमेळ, लोड बॅलन्सर, सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला. या मुद्द्याला तांत्रिक उत्तर सापडेना.

"येईल," ते म्हणाले.

"मग येऊ दे की. रविवारी ये. जेवायलाच ये," कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.